एक खोली, एक कार्ड

ठाकूरद्वारच्या नाक्यावर एका छापखान्याच्या वर आमचं कार्यालय होतं. दोन खोल्या, तीन टेबलं, भिंतभर नकाशा आणि जिन्याशी पाटी : ‘सात नगरांची संयुक्त विकास योजना समिती’. साहेब होते तळपदे, निवृत्त इंजिनिअर. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि कार्यालय घरापासून सात मिनिटांवर होतं, म्हणून आईने नोकरीला परवानगी दिली. साल अठ्ठावन्न.

काम सांगायला सोपं होतं. ठाण्याच्या पलीकडे रेल्वेलगतची सात गावं भराभर वाढत होती. गिरगाव, दादर, परळची माणसं तिकडे जमिनी बघत होती, सोसायट्या काढत होती. सातही गावांना एकाच धरणाचं पाणी मिळणार होतं. सरकारची अट एकच : एकाहत्तर साली कुठे किती माणसं असतील, याच्या एकाच तक्त्यावर सातही नगराध्यक्षांनी सह्या करायच्या. त्याशिवाय जमिनीत एक नळ पडणार नव्हता.

आणि प्रत्येकाने आपला आकडा फुगवला होता. सातांची बेरीज चार लाख बारा हजार होत होती. पाणी अडीच लाखांपुरतं. चार बैठका झाल्या, चारही भांडणात संपल्या. “महाराष्ट्र एक करायला निघालेत,” तळपदे म्हणायचे, “आणि एका नळावर सात जण एक होत नाहीत.”

कुशाबा पहिल्यांदा आला तो चुकून. एका शनिवारी दुपारी गिरणीतून सुटून, डोक्याच्या केसांत कापसाचे तंतू तसेच.

“बाय, मोर्चा कवा हाय?”

“कसला मोर्चा?”

“खाली पाटीवर संयुक्त लिवलंय न्हवं.”

“हे ते संयुक्त नाही. हे पाण्याचं.”

“मंग पाण्याचं सांगा,” म्हणून तो खुर्ची ओढून बसला.

तो लालबागला राहायचा, गाव संगमेश्वराकडचं. सात गावांपैकी सर्वांत शेवटच्या, नांदरोलीला, त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी सोसायटी काढली होती. अडतीस सभासद. तो सेक्रेटरी, कारण त्याला सही सोडून आणखीही लिहिता येत होतं. बायको मालन आणि मुलगी गावी. लग्नाला अकरा वर्षं झालेली. शिमगा आणि गणपती मिळून वर्षाला चोवीस दिवस तो घरी जायचा. मी मनातल्या मनात गुणाकार केला : दोनशे चौसष्ट. नऊ महिन्यांना थोडे कमी. मला तो आकडा गमतीदार वाटला होता.

“नळ आला की मालनला आणायची,” तो म्हणाला. “ती म्हनते, विहिरीवरून पानी भरायचं तर मी हितं काय वाईट हाय?”

पुढे तो दर शनिवारी यायचा. लालबाग-परळच्या दुसऱ्या सोसायट्यांच्या याद्याही त्यानेच आणून दिल्या. त्याची स्वतःची यादी मी त्याच्यासमोरच वाचली. अडतीस नावं आणि अडतीसही पत्ते तेच : खोली नंबर चौदा.

“हे सगळे एकाच खोलीत?” मी हसले.

“व्हय. समदे येकाच खोलीतले.” तोही हसला.

मला वाटलं, पठ्ठ्याने भावकीची यादीच उतरवून आणली आहे. मी आणखी काही विचारलं नाही.

वाट सापडली ती आमच्याच चाळीत. शेजारच्या शकूच्या वडिलांनी एका गावच्या सोसायटीत नाव घातलं होतं, भावाने दुसऱ्या, आणि घरात बसलेल्या आजोबांनी तिसऱ्या. “अगं, सगळेच घालतात,” शकू म्हणाली. “जिकडे आधी पाणी येईल तिकडे सगळे मिळून जाणार. आम्ही काय तीन घरं घेणार आहोत?”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकच कुटुंब तीन गावांत मोजलं जात होतं! मी सातही गावांतल्या सोसायट्यांच्या उरलेल्या याद्याही मागवल्या, प्रत्येक सभासदाचं एक कार्ड केलं आणि कार्डं गावाप्रमाणे न लावता मुंबईतल्या पत्त्याप्रमाणे लावली. सहा हजार आठशे बारा कार्डं. मग नियम : एक खोली, एक कुटुंब, एक कार्ड. सर्वांत आधीच्या तारखेचं ठेवायचं, बाकीची ‘रद्द’ लिहिलेल्या खोक्यात. खात्री म्हणून गिरगाव आणि दादरच्या साठ खोल्यांत मी स्वतः जाऊन आले. साठांपैकी साठ ठिकाणी नियम बरोबर निघाला. लालबागलाही जायचं होतं. तळपदे म्हणाले, “तिथे पुरुषांच्या खोल्या. तू कशाला जातेस?” मी गेले नाही. नमुना पुरेसा होता.

चार हजार अडुसष्ट कार्डं उरली. त्या प्रमाणात सातांची बेरीज दोन लाख सेहेचाळीस हजारांवर आली. पाण्यात बसत होती. तो आकडा बघून मी दोनदा पाणी प्यायले.

नांदरोलीची अकराशे चाळीस कार्डं होती, उरली शहाण्णव. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, ‘अतिशयोक्ती सर्वाधिक’.

एकोणसाठच्या जानेवारीतल्या बैठकीत नांदरोलीचे अध्यक्ष उठले. ते आनंदा गुरुजी, प्राथमिक शाळेचे जुने मास्तर. “आमच्याकडे माणसं येणार आहेत हो,” ते म्हणाले. “जमिनीवर खुंट्या ठोकून गेलीत.” मी खोकं उचलून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दोन-चार कार्डं उलटली, चष्मा पुसला. “बाईंनी मोजलंय म्हणजे बरोबरच असणार,” म्हणाले आणि सही केली. सात सह्या झाल्या. नळ सहाव्या गावात संपवायचा ठरला. नांदरोली तिथून सहा मैल पुढे; शहाण्णव कार्डांसाठी तेवढा नळ परवडणार नव्हता. तळपद्यांनी सगळ्यांना मसाला दूध पाजलं आणि माझी ओळख करून दिली, “हिने भांडण मिटवलं.”

मे महिन्यात कुशाबा आला तेव्हा खुर्चीवर बसला नाही.

“बाय, नांदरोलीला नळ न्हाय म्हनतात. आमी मानसं न्हाय?”

मी कार्डं काढली. खोली चौदा : एक ठेवलेलं, सदतीस रद्द, दोऱ्याने बांधलेली. ठेवलेलं त्याचंच होतं.

“कुशाबा, एका खोलीत अडतीस कुटुंबं कशी असतील?”

“कुटुंबं गावाला, बाय. खोलीत आमी. गावकीची खोली हाय ती.”

मी त्याच्याबरोबर लालबागला गेले. सकाळी दहाची वेळ. खोली आमच्या स्वयंपाकघराएवढी. चारही भिंतींना फळ्या, फळ्यांवर पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकीवर रंगाने नाव. मी मोजल्या. अडतीस. खाली रात्रपाळीचे अकरा जण भिंतीकडे तोंडं करून झोपलेले. दिवसपाळीचे गिरणीत, दुपारपाळीचे खाली नळावर. गावातून जो मुंबईला येई तो याच खोलीत उतरे, आणि त्याचं घर गावातच राही. लालबाग-परळला अशा किती खोल्या, मी विचारलं. कुशाबा हातांच्या बोटांवर मोजायला लागला आणि मग बोटं पुरेनात.

जिन्यात गंगुबाई भेटल्या. त्या या सगळ्यांना जेवण घालायच्या. “मोजाया आली व्हय?” त्या म्हणाल्या. “आधी मोजायचं, मंग लिवायचं. आमी भातसुद्धा तसाच टाकतो.”

दुसऱ्या दिवशी मी तळपद्यांपुढे सगळं मांडलं. नांदरोलीची शहाण्णव नव्हे, निदान हजार कार्डं खरी होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आकडे स्वतः तपासले.

“तुझं बरोबर आहे,” ते म्हणाले.

“मग तक्ता दुरुस्त करू या.”

“नांदरोलीला वाढवलंस तर कमी कुणाचं करशील? पाणी तेवढंच आहे. एकाची रेघ खोडली की सातही जण आपापली खोडायला येणार. मग कुणालाच नळ नाही.”

“पण तक्ता चूक आहे, साहेब.”

“चूक आहे. त्यावर सात सह्या आहेत.”

मी सहा अध्यक्षांना पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं : ‘आपल्याच कष्टाने झालेली एकी आपणच मोडू नये.’ गुरुजींना भेटायला गेले. त्यांनी चहा केला. मी बोलून थांबले, तेव्हा म्हणाले, “मला वाटलंच होतं. पण कार्डं होती ना तुमच्याकडे.” रागावले असते तर बरं झालं असतं.

साठ सालच्या एप्रिलमध्ये समिती बंद करण्याचा हुकूम आला. राज्य नवं होणार, फायली नव्या सरकारकडे जाणार. मी तक्त्याला दुरुस्तीची एक पुरवणी जोडली, पाच पानं, आकडेमोडीसह. गठ्ठा न्यायला आलेल्या कारकुनाने विचारलं, “याच्यावर सह्या?” माझी एकटीची होती. त्याने पानं सोडवून टेबलावर ठेवली आणि तक्ता घेऊन गेला.

शेवटच्या शनिवारी कुशाबा आला. लालबागला कमानी उभ्या राहत होत्या, त्याच्या शर्टावर केशरी रंगाचे शिंतोडे होते. तीन वर्षं प्रत्येक मोर्च्याला गेलेला माणूस. त्या दिवशी मी नव्या राज्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, “व्हय, मिळालं राज्य,” आणि हातातला कागद पुढे केला. नांदरोलीच्या खुंट्या त्यांनी उपटून आणल्या होत्या. आणखी दोन स्टेशनं पलीकडे कुठेतरी नवी जमीन, नवी सोसायटी, तिकडच्या पाण्याचा नवा अर्ज.

“तुमचं अक्षर चांगलं हाय,” तो म्हणाला.

“मालन काय म्हणते?”

“ती आता इचारत न्हाय.”

मी फॉर्म ओढला. पहिला रकाना नाव, दुसरा मुंबईतला पत्ता.

“गावचा पत्ता लिहू या का, कुशाबा? घरं वेगळी दिसतील.”

“गेल्या बारीला येकानं तसा दिला. सायब म्हनाला, मुंबईत ऱ्हात न्हाय तर अर्ज कशाला?”

हा अर्ज कुठल्यातरी कार्यालयात माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावर जाणार होता. रकाना अर्ध्या इंचाचा होता. त्यात खुलासा लिहायला जागा नव्हती. समासात लिहावं तर तळटीप होती : समासात लिहिलेला मजकूर विचारात घेतला जाणार नाही.

“सांगा,” मी म्हटलं.

“कोंडीराम धोंडू.”

खोली नंबर चौदा, मी लिहिलं.

“दगडू बाळू.”

खोली नंबर चौदा.

तो नावं सांगत गेला, सावकाश, एकेक ट्रंक डोळ्यांसमोर आणत असावा तसा. खाली छापखान्यात राज्याच्या स्वागताची पत्रकं छापली जात होती, टेबल थरथरत होतं. अडतिसाव्या नावाला पानं संपली. मी अर्ज त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचून पाहिला, प्रत्येक ओळ, आणि म्हणाला, “बरोबर हाय.”