श्रावणातला गिलावा

धुरपताबाईंनी खुरप्याचं टोक पोपड्याखाली घातलं आणि हलकेच उचललं. वीतभर चुना निघून खाली पडला. मागची माती अजून ओलीच होती.

श्रावणात कुणी शहाणा भिंतीला हात लावत नाही. पण लेकानं, माणिकनं, सरकारविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कँपातून आणलेली बंदूक दसऱ्यापर्यंत थोडीच थांबणार होती? तो ती बापाच्या हवाली करून परत गेला. किशनरावांनी ती आतल्या खोलीतल्या उंच कोनाड्यात उभी केली, पुढं विटा रचल्या, माती लिंपली, वर चुना फासला आणि काम फत्ते झालं म्हणून मिशीवर हात फिरवला. भिंतीनं आठवड्याच्या आत त्यांची अक्कल काढली. कोनाड्याच्या कडेकडेनं नेमकी तेवढीच भेग पडली. ती बुजवून धुरपताबाईंनी गिलावा वाळावा म्हणून खोलीत शेगडी ठेवली, तर उबेनं भेग आणखी रुंदावली आणि चुन्याचे पोपडे सुटू लागले.

शेजारच्या गावात कडब्याच्या गंजीत हत्यार सापडलं होतं. त्या घरातल्या बापलेकांचं काय झालं, ते इथं पेडगावात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

दाराआडच्या अंधारात बायना बाभळीचा डिंक चुन्यात कालवत होती. लेक गेल्याच आठवड्यात परत आली होती. लग्नाला इतकी वर्षं होऊन कूस उजवली नाही, म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला गाठोड्यासकट भल्या पहाटे वेशीत उतरवून दिलं. गल्लीचं तोंड कोण धरणार? धुरपताबाईंनी तिला उंबऱ्याबाहेर येऊच दिलं नव्हतं.

"धुरपताबाई, इस्तू हाय का?" शेजारची दगडाबाई विचारत विचारतच आत आली.

धुरपताबाई लगबगीनं खोलीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. दगडाबाईनं त्यांच्या खांद्यावरून डोकावलं. ओला गिलावा दिसला, शेगडी दिसली, आणि तिचा चेहरा उजळला.

"माय गं! बाळंतिणीची खोली करायलात व्हय? बायना आलीय असं कानावर आलं व्हतं, पर इश्वास बसला न्हाई. कितवा म्हैना हाय?"

धुरपताबाईंच्या हातातल्या खुरप्यावरून चुन्याचं पाणी ठिबकत होतं.

"नववा," त्या म्हणाल्या. "नजर लागंल म्हून कुणाला सांगितलं न्हाई."

"देवानं डोळे उघडले म्हनायचे!" दगडाबाई विस्तव घेऊन गेली. तिच्या खापरीतला निखारा विझायच्या आत बातमी पाराजवळ पोचली असणार.

बायनाचा हात डिंकातच थांबला होता.

"माय, नववा म्हनलीस."

"मग काय बंदूक हाय म्हनू?"

बायनानं पुन्हा चुना ढवळायला घेतला. धुरपताबाई तिच्याकडं वळल्या, पण भिंत आधी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलाशी आली. सरकारी जमादार आणि त्याचे भालेवाले गल्लीच्या त्या टोकापासून एकेक घर धुंडाळत येऊ लागले. भिंतींवर काठी आपटल्याचे आवाज जवळ येत होते. आतल्या खोलीतला गिलावा सकाळीच पुन्हा उलला होता. धुरपताबाई त्याच्यावर वाकळ टांगायला धावल्या, तर बायनानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि आतून कडी घातली.

जमादार अंगणात आला. किशनराव हात जोडून उभे राहिले. तेवढ्यात खोलीतून किंकाळी आली.

"अंदर कौन हाय?"

किशनरावांनी तोंड उघडायच्या आत कुडापलीकडून दगडाबाईच ओरडली,

"पोरीचं पोट दुखायलंय, सायेब! पहिलटकरीन हाय. बाप्या मानसानं तिथं जायाचं नसतंय!"

जमादारानं दाराला हात लावला. आत बायना पुन्हा ओरडली, घसा फाटेल अशी. त्यानं हात काढून घेतला. भालेवाल्यांनी माजघर उलथंपालथं केलं, कणगीत भाले खुपसले, चुलीची राख उकरली. त्या एका दारापाशी मात्र कुणी गेलं नाही.

"दाई बुलाव, बुढ्ढे," जाता जाता जमादार किशनरावांना म्हणाला.

काठ्यांचे आवाज गल्लीच्या वळणापलीकडे गेले. किशनराव ओट्यावर मटकन बसले. धुरपताबाईंनी दाराला तोंड लावलं.

"बायने, गेले गं ते. वाचलो आपन. बस कर आता."

आतला आवाज थांबला नाही.

"बाई, लांब गेले. कडी काढ."

बायना ओरडतच होती. मध्ये श्वास घ्यायला थांबे, आणि पुन्हा पोटातून हंबरडा फुटे. धुरपताबाई दारावर थापा मारत राहिल्या. मग त्यांचा हातही थकला, आणि त्या तिथंच उंबऱ्यापाशी बसून रडू लागल्या.

अंगणातून पावलं वाजली. दगडाबाई सुईणीला घेऊन घाईघाईनं येत होती, आणि तिच्या काखेत जुन्या लुगड्याची मऊ, धुतलेली बाळुती होती.