सांडलवंडीचे फोटो

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर टेलरबाईंनी स्वतःच्या हाताने केलेली पहिली गोष्ट म्हणजे अर्धा लिटर दूध जमिनीवर सांडणं.

त्याआधीचे तीन आठवडे त्या नुसत्या खुर्चीत बसून होत्या. उजवा हात मांडीवर, जणू दुसऱ्याच कुणाचा हात आणून तिथे ठेवलाय. छत्तीस वर्षं ज्या हाताने गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे बेतले, त्याला आता साधी वाटी धरवत नव्हती. स्वयंपाकघर नवऱ्याच्या ताब्यात गेलं होतं. नवऱ्याने कोपऱ्यावरच्या दुकानात जन्मभर पासपोर्टचे फोटो काढले होते आणि दोनच वर्षांपूर्वी दुकान बंद केलं होतं. गल्लीत त्यांना सगळे फोटोवालेच म्हणत. ते जीव ओतून स्वयंपाक करत आणि भात रोज गिचका होई. बाई मुकाट्याने गिळत. पाण्याचा पेलासुद्धा मागून घ्यायचा, म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

त्या सकाळी फोटोवाले अंघोळीला गेले होते. बाई भिंतीला धरत धरत ओट्यापर्यंत गेल्या. आपला चहा आपण करायचा, एवढंच मनात होतं. दुधाचं पातेलं डाव्या हाताने उचललं. जड लागलं म्हणून सवयीने उजवा हात पुढे केला, तर तो वेळेवर पोचलाच नाही. पातेलं खणखणत खाली गेलं. दूध ओट्यावरून, कपाटाच्या दारावरून थेट फ्रिजखाली पळालं.

फोटोवाले ओल्या अंगाला टॉवेल गुंडाळून धावत आले. बायको उभी आहे, पडलेली नाही, हे आधी पाहिलं. तिला स्टुलावर बसवलं. मग आत गेले ते कॅमेरा घेऊनच बाहेर आले आणि दुधाचे दोन फोटो काढले.

"अहो, हे काय चाललंय?"

"फोटो काढतोय."

"माझ्या फजितीचा? छापा आणि लावा दारावर! येणाऱ्याजाणाऱ्यांनाही कळू दे."

फोटोवाले फोटो नीट आलाय का तेच बघत राहिले. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्यांनी अबोला धरला.

आता अबोला धरलेल्या माणसाकडे पाणी कसं मागणार? दुपारी तहान लागली तेव्हा बाईंना ते लक्षात आलं. पण शब्द फिरवणं रक्तातच नव्हतं. त्या उठल्या आणि आपलं आपण पाणी घेतलं. निम्मं पेल्यात पडलं, निम्मं जमिनीवर. फोटोवाल्यांनी जमिनीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पिठाचा डबा पालथा झाला, त्याचाही काढला. तिसऱ्या दिवशी बाईंनी अंडं फोडलं तर कवचासकट सगळं भांड्यात गेलं. फोटोवाल्यांनी भांड्यावर वाकून फोटो घेतला, आधीच्यांसारखाच छोट्या यंत्रावर छापला, मागे तारीख घातली आणि एका पाकिटात ठेवून दिला.

हा अबोला अकरा दिवस चालला. तो मोडला बटणांच्या डब्यामुळे. बाईंना उगाचच डबा बघावासा वाटला, फळीवरून काढताना तो हातातून निसटला आणि शेकडो बटणं घरभर पसरली. फोटो काढून झाल्यावर फोटोवाले गुडघ्यांवर बसून ती वेचायला लागले. पलंगाखालून बाहेर येताना त्यांचं डोकं असं काही आपटलं की बाईंना हसूच फुटलं. झटक्याने तोंड एका बाजूला ओढलं होतं, त्यामुळे हसू तिरकं आलं. पण आलं.

"लागलं का हो?"

"बोललीस एकदाची," फोटोवाले डोकं चोळत म्हणाले. "मग लागलं ते बरंच झालं."

आठवड्यातून दोनदा ते दोघं दवाखान्यात जात. तिथे एक तरुण मुलगी बाईंकडून हाताचे व्यायाम करून घेई. बाई तिला व्यायामवाली म्हणत. बाराव्या खेपेला तिने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "मावशी, सुरुवातीपासून आजपर्यंत किती फरक वाटतो?"

"शून्य," बाई म्हणाल्या. "खरं सांगू? तू पोर गुणाची आहेस, पण माझ्यापायी तुझा वेळ वाया जातोय. मी काही पुढे यायची नाही. घरात हात लावीन तिथे सत्यानाश."

व्यायामवालीचं पेन थांबलं. फोटोवाल्यांनी पिशवीतून पाकीट काढलं आणि सगळे फोटो टेबलावर पसरले. बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. परक्या पोरीसमोर घरातला सगळा पसारा!

व्यायामवाली मात्र हसली नाही. तिने तारखा बघून फोटो ओळीने लावले. मग एकेकावर बोट ठेवत विचारू लागली.

"हे दूध. पातेलं कुठल्या हातात होतं?"

"डाव्या."

"हे पाणी?"

"डाव्याच."

"आणि हे अंडं?"

बाईंनी फोटो जवळ ओढला. "धरलं डाव्या हातात. पण फोडायला... अंगठा उजव्याचा लावला होता."

"बटणांचा डबा?"

"तो उजव्यानेच काढला फळीवरून." बाईंचा स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास बसेना. "डावा भिंतीला टेकलेला होता. हो, उजव्यानेच."

"आणि पहिल्या तीन आठवड्यांचे फोटो कुठे आहेत?"

"तेव्हा काही सांडलंच नाही," फोटोवाले म्हणाले.

"कारण मावशींनी काही उचललंच नव्हतं," व्यायामवाली म्हणाली. तिने कागदावर शून्य लिहिलं नाही. काय लिहिलं ते बाईंना दिसलं नाही, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.

घरी जाताना दोघं बसच्या थांब्यावर बाकड्यावर बसले. बाई म्हणाल्या, "तुम्हाला कळलं होतं ना हे? म्हणून फोटो काढत होतात?"

"छे गं. मला कुठलं एवढं कळायला? त्या दिवशी तुला दुधात उभी बघितली आणि माझे हातपायच गळाले. काहीतरी करायला तर हवं. मला येतं ते केलं."

"फडकं आणायचं होतं."

"फडकं कुठे असतं?"

बाई हसता हसता रडायला लागल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "अहो, तुम्ही झटपट पुसून टाकून 'तू बस, मी करतो' म्हणाला असतात ना, तर मी परत त्या खुर्चीतून उठले नसते. फार उपकार झाले." इतक्या वर्षांच्या संसारात असलं काही त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. फोटोवाले नसलेली बस शोधत रस्त्याकडे बघत राहिले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

व्यायाम चालू राहिले. पसाराही चालू राहिला. चौथ्या महिन्यात बाईंनी उशीच्या अभ्र्याला टीप घातली, ती वाट चुकलेल्या मुंगीसारखी गेली. तिचाही फोटो निघाला, या वेळी बाईंनीच मागितला म्हणून.

एक दिवस व्यायामवालीने ते पाकीट मागून नेलं. तिच्याकडे एक बसचालक येत होता. धिप्पाड माणूस, उजवा हात लुळा पडलेला. घरी तो हात उशीवर ठेवून नुसता बसून राही आणि बायको भरवायला आली की तोंड फिरवी. तिला हे फोटो त्याला दाखवायचे होते.

दोन आठवड्यांनी पाकीट परत आलं, त्यात एक फोटो जास्तीचा होता. फरशीवर कपाचे तुकडे आणि भिंतीवर पार खांद्याच्या उंचीपर्यंत चहाचे ओघळ. मागे बसचालकाच्या बायकोने लिहिलं होतं, "आज यांनी कप स्वतः उचलला. मी ओरडणार होते, तेवढ्यात तुमचे फोटो आठवले. ताई, तुमचे आणि तुमच्या मिस्टरांचे आभार कसे मानू?"

बाईंनी ते तीनदा वाचलं, मग फोटोवाल्यांकडे कागद मागितला. पेन उजव्या हातात धरलं. अक्षरं वेडीवाकडी येत होती, मधेच ओळ सोडून खाली उतरत होती. दोन वाक्यांना अर्धा तास लागला. फोटोवाल्यांनी चष्मा लावून वाचलं.

"आभार नकोत. बाजारात गेलात की चार कप जास्तीचे आणून ठेवा."