भरल्या ओटीचा प्रवास

कोकणच्या कड्याकपारींवर चैत्र उतरला होता. कोसंबाच्या फांद्यांवर तांबूस, तलम, ताज्या रेशमाची पालवी. काजूच्या बोंडांचा आंबूस, मदिर दरवळ. करवंदीच्या हिरव्या जाळ्यांत पांढऱ्या फुलांचे चुकार तारे. आणि या साऱ्या वैभवातून वळत, लपत, पुन्हा प्रगटत जाणारी ती तांबडी, मऊ धुळीची वाट.

त्या वाटेवरून विश्वनाथबुवा ओगले चालत होते. हरिदासाची चाल ती, पावलात लय आणि ओठांत नाम. आणि त्यांच्या मागून, चार पावलांचं अंतर राखून, डोक्यावरचा पदर दातांत धरून, त्यांची पत्नी द्वारका.

बुवांच्या खांद्यावर झोळी, झोळीत चिपळ्या. द्वारकेच्या हातात पितळी डबा, डब्यात ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंगा. बुवांचा गळा म्हणजे गंगेचा ओघ. पण ओघालाही काठ लागतो, आणि तो काठ द्वारका होती. कीर्तनाआधी कोमट पाणी तिनं द्यावं, उपरण्याची घडी तिनं घालावी, बुवा गादीवर उभे राहिले की मागे बसून झांज तिनं धरावी.

दसरा उलटला की हे दांपत्य निघायचं ते अक्षय्य तृतीयेपर्यंत. आज नदीकाठचं शिवालय, उद्या डोंगरकपारीतली देवी, परवा नारळीच्या सावलीतला गणपती. चार वर्षं झाली. चार वर्षांत किती गावं, किती घाट, किती पहाटा! प्रत्येक गावी आयाबाया यायच्या, वाकून नमस्कार करायच्या, आणि द्वारकेची ओटी भरायच्या. तांदूळ, नारळ, हळकुंड, खण. गावोगावी ओटी भरत गेली.

मांडी तेवढी रिकामी होती.

कारण मांडीवरचं लेकरू मामाकडे होतं. शरयू तिचं नाव. चार वर्षांची होती तेव्हा याच वाटांवर तिला डांग्या खोकला झाला, आणि द्वारकेचा भाऊ वामन, शाळामास्तर माणूस, तिला उचलून आपल्या घरी घेऊन गेला. एका हंगामापुरती. मग शाळा आली. मग एका हंगामाला दुसरा हंगाम लागत गेला, झांजेला झांज लागावी तसा. हंगाम संपल्यावरही, चातुर्मासातही बुवांना कुठल्या तरी देवळाचं बोलावणं असायचंच. दिवाळीत चार दिवस भेट व्हायची. लेक बिलगायची, मग हळूहळू कमी बिलगायची, मग दारात उभी राहून पाहायची.

लोक विचारायचे. द्वारका सांगायची, "ह्यांचं पथ्यपाणी कोण बघणार?" आणि लोक मान डोलवायचे. सती आहे हो, म्हणायचे.

पण अंतःकरणात एक कोनाडा असतो, जिथं देवाचाही दिवा पोहोचत नाही. तिथं द्वारकेनं एक खरं झाकून ठेवलं होतं. तिला हे आवडायचं. रोजची नवी नदी आवडायची. अनोळखी अंगणातली ओली रांगोळी, धुक्यातून उगवणारं देवळाचं शिखर, आणि शेकडो डोळ्यांपुढे झांजेचा पहिला नाद आपल्या हातून उमटायचा तो क्षण, हे सारं तिला आवडायचं. चूल, ओटा, धुणं, शाळेचं दप्तर यांच्यापेक्षा आवडायचं. माघात भावाचं कार्ड गावोगाव मागून फिरत आलं, शरूला विषमज्वर झाला होता, आता उतार आहे, काळजी नसावी. ते वाचून तिचे डोळे भरले. आणि 'आता उतार आहे' या तीन शब्दांशी येऊन तिला हायसंही वाटलं. जायला नको म्हणून. कार्ड तिनं डब्यात, लवंगांखाली ठेवलं.

पाडव्यापासून नऊ दिवस बुवांचं कीर्तन केवणीच्या राममंदिरात होतं. केवणी म्हणजे खाडीकाठी, माडांच्या कुशीत निजलेलं शंभर उंबऱ्यांचं गाव. नवमीला दुपारी बारा वाजता रामजन्म. ज्यानं जन्मकीर्तन ऐकलं आहे त्याला सांगायला नको, आणि ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही! सभामंडपात पाय ठेवायला जागा नाही. गाभाऱ्यापुढे फुलांनी मढलेला पाळणा. पाळण्याची रेशमी दोरी. आणि गादीवर उभे बुवा, कौसल्येच्या डोहाळ्यांचं वर्णन करणारे.

"आई म्हणजे कोण, श्रोते हो?" बुवांनी विचारलं. "अंधारात नुसता हात लागला तरी जी म्हणते, हा माझा, ती आई."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. द्वारकेची झांज तालात वाजत राहिली. हे वाक्य तिनं चारशे वेळा ऐकलं होतं. ते आता तिच्यावरून पाण्यासारखं वाहून जात असे.

बारा वाजले. घंटा झाली, शिंग झालं, गुलाल उडाला. आभाळ लाल झालं, खांब लाल झाले, माणसं माणसांना ओळखू येईनात. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करत सुवासिनींनी पाळण्याखालून, पाळण्यावरून बाळ दिलं-घेतलं. पाळण्याची पहिली दोरी मानानं द्वारकेनं ओढली, पाळणा तिनं गाइला. असे किती पाळणे तिनं गाइले असतील! तिच्या कंठातून वात्सल्य मधासारखं ठिबकलं, आणि शंभर घरच्या आया गहिवरल्या.

मग सुंठवडा.

सुंठवडा बुवांच्या घरच्या माउलीनं वाटायचा, हा केवणीचा रिवाज. परात मांडीशी घेऊन द्वारका पाळण्याच्या पायथ्याशी बसली. पोरांची ही रांग लागली. आणि द्वारकेची आपली एक रीत होती, चार वर्षांत गावोगाव जमून गेलेली. हातावर चिमूट ठेवायच्या आधी ती प्रत्येक पोराला विचारायची, कुणाचा रे तू, कुणाची गं तू. उत्तर आलं की म्हणायची, शहाणा हो, शहाणी हो. वर पाहायची नाही. रांग मोठी असायची. तिला दिसायचे ते फक्त ओंजळीतले हात.

कुणी म्हणालं, सदू नाखव्याचा. कुणी म्हणालं, खालच्या आळीतल्या पुजाऱ्यांची. एक चिमुरडी म्हणाली, "आजीची. आई मारते." सारा मंडप हसला, आणि द्वारकाही हसली, आणि हसता हसताच तिनं पुढच्या हातांकडे परात कलती केली.

"कुणाची गं तू, बाळे?"

उत्तर आलं नाही. हात पुढे होते. गुलालानं माखलेले, बारीक, नखं नीट कापलेले हात.

"सांग की. कुणाची तू?"

"वामनमामाची," ती मुलगी म्हणाली.

"शहाणी हो," द्वारका म्हणाली, आणि चिमूट ठेवली.

जीभ सवयीची असते. काळीज मागाहून पोहोचतं.

तिनं वर पाहिलं. केस नव्हते, तापात गळले, उरलेले कापलेले, कानांवर नुसती कोवळी लव. चेहऱ्यावर गुलालाचा दाट लेप. त्या लाल मुखवट्यातून दोन डोळे तिच्याकडे पाहत होते. त्यांत पाणी नव्हतं. राग असता तर द्वारकेनं तो पदरात घेतला असता. त्यांत फक्त एक मिटलेलं दार होतं.

मुलीनं मूठ बंद केली आणि ती बाजूला झाली. मागच्या पोराचे हात पुढे आले.

खांबाशी वामनची बायको, इंदूवहिनी, उभी होती. दोन एसट्या बदलून, पोरीला घेऊन, नणंदेला नवल वाटावं म्हणून आलेली. जा, आईच्या हातून घे, असं सांगून तिनंच पोरीला रांगेत धाडलं होतं. तिच्या ओठांवरचं हसू तिथंच थिजलं होतं, पुसायचं राहून गेलेल्या रांगोळीसारखं.

आणि द्वारकेला ठाऊक नव्हतं ते असं की, प्रवासभर त्या पोरीनं मामीला एकच विचारलं होतं. मला केस नाहीत, आई ओळखेल ना? एकदा नाही, दहादा. घाटात विचारलं, थांब्यावर विचारलं, केवणीच्या वेशीत विचारलं. आणि दहाही वेळा मामीनं तिच्या लव आलेल्या डोक्यावरून हात फिरवून सांगितलं होतं, वेडे, आई ती. आई का केस बघते?

द्वारका उठू पाहत होती. पण आरती सुरू झाली. बुवा गादीवर उभे, मंडप उभा, आणि मागे झांज हवीच. तिनं झांज धरली. आयुष्यात प्रथम तिचा हात तालातून सुटला. बुवांनी वळून पाहिलं. तिची मान खाली होती; आणि गालांवरचा गुलाल दोन जागी ओला होऊन हनुवटीशी उतरत होता. भक्तीचे अश्रू म्हणून बायांनी तिला हात जोडले. त्या जोडलेल्या हातांनी ती आणखी जळाली.

यजमानांच्या पडवीत उपासाचा फराळ मांडला होता. शरयू मामीला टेकून बसली होती, रताळ्याचे काप खात होती. तोंड धुतलेलं, स्वच्छ. आणि त्या स्वच्छ चेहऱ्यावर आता सगळं होतं: बुवांचं कपाळ, द्वारकेच्या आईची हनुवटी, आणि डाव्या भुवईजवळचा तो व्रण, जो चौथ्या वर्षी उंबऱ्यावर पडून झाला होता.

द्वारका समोर बसली.

"वन्सं," इंदूवहिनी हलकेच म्हणाली, "जिवाला लावून घेऊ नका. केस नाहीत, त्यात तो गुलाल. मीसुद्धा चुकले असते."

ती चुकली नसती. हे तिलाही ठाऊक होतं, द्वारकेलाही. आणि रताळ्याचा काप हातात तसाच धरून बसलेल्या त्या आठ वर्षांच्या पोरीलाही.

दयेनं झाकलेली लाज उघड्या लाजेहून जड असते.

दशमीपासून पौर्णिमेपर्यंत खाडीपलीकडच्या मारुतीच्या देवळात बुवांची कीर्तनं ठरली होती. होडी उन्हं कलायच्या वेळी सुटायची. बुवा सामान बांधत होते. द्वारका दारात येऊन उभी राहिली, आणि पितळी डबा तिनं त्यांच्या हातात दिला.

"हा तुमच्याजवळ ठेवा. मी येत नाही."

बुवांना वाटलं, पोरीच्या दुखण्यानं मन हळवं झालंय. म्हणाले, तिलाही बरोबर घेऊ की, हवापालट होईल. अंगणात फणसाच्या सावल्या हलत होत्या. मग ती बोलली, आणि तिचा आवाज इतका लहान झाला होता की चार वर्षं तो रोज ऐकणाऱ्या बुवांच्या कानांनाही तो नवा वाटला.

"मी तिला ओळखलं नाही. माझ्या हातांनी सुंठवडा दिला, आणि ओळखलं नाही. तुमच्या पथ्यासाठी येते असं चार वर्षं जगाला सांगितलं. ते खोटं होतं. मला आवडायचं."

बुवांचे हात गाठीवर थांबले.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तू यायचीस ते मलाही आवडायचं. म्हणून मी कधी विचारलं नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "कौसल्या रोज सांगतो मी लोकांना."

उपरण्याची घडी त्यांनी स्वतःच घातली. ती वाकडी झाली. त्यांनी ती तशीच खांद्यावर टाकली.

होडी गेली. माडांच्या लांब सावल्या वाळूवर आडव्या झाल्या, आणि खाडीच्या विस्तीर्ण, उघड्या, ओहोटलेल्या पात्रात चिखल तांब्यासारखा झळकू लागला. पाणी दूर, दूर गेलं होतं. मधे नुसता गाळ, गाळात रुतलेल्या जुन्या खुंट्या, आणि एक पाय दुमडून उभे असलेले बगळे.

काठाशी शरयू शिंपले वेचत होती. पावलांची चाहूल लागली तसं तिनं मान वर केली.

"तुम्ही गेला नाहीत?"

तुम्ही. पाहुण्याला म्हणावं तसं. शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं. द्वारकेनं ते ऐकलं, आणि उत्सवाचा प्रसाद घ्यावा तसं मान लववून घेतलं. कारण ते तिनंच रांधलेलं होतं.

"नाही गेले."

"होडी चुकली?"

"होडी नाही चुकली."

मुलीनं एक शिंपला उचलला, पाहिला, फुटका निघाला म्हणून टाकून दिला.

"उद्याची सकाळी सात वाजता असते," ती म्हणाली. "मी विचारून ठेवलंय."

"असू दे."

कुशीत ओढावं, त्या लव आलेल्या मस्तकावर ओठ टेकावेत, असं द्वारकेचं सर्वांग म्हणत होतं. पण हक्क मागायला हात उचलेना. ती मुलीपासून दोन हातांवर, ओल्या वाळूत बसली. वचन तिनं दिलं नाही. तिच्या वचनांची लेकीच्या पदरात आधीच रास होती.

मुलगी वेचत राहिली. आई पाहत राहिली: शिंपला उचलताना ती आधी फुंकर घालते हे, डाव्या हातानं ठेवते, उजव्यानं निवडते हे, आणि कानामागे केस सारायला बोटं जातात, तिथं केस नसतात, मग बोटं तशीच परततात हे. एकेक पाहणं तिच्या काळजावर कोरलं जात होतं, सावकाश, दुखवत.

ऊन विझलं. दूरवर, खाडीच्या मुखाशी, एक बारीक चंदेरी रेघ हलली. भरती लागली होती. पाणी येत होतं, पण गाजत-वाजत नाही. ओशाळं, अनवाणी, गाळाच्या एकेका भेगेशी थांबत, एकेका खुंटीच्या पायाशी वाकत, जिथून निघून गेलं होतं त्याच उघड्या काठाकडे, इंच इंच, इंच इंच.