मानेवरचा हात

न्हाव्याने दिंडी दरवाजातून आत आलेल्या मानेवर हात ठेवला, अंगठा कानामागून खाली फिरवला आणि म्हणाला, "आपला."

समोर सत्तूर उगारून उभ्या असलेल्या खाटकाने हात खाली घेतला. मानेमागून पाठ आत आली, मग पाय, आणि गावातला कुंभार सरळ उभा राहून ढसाढसा रडायला लागला. खाटकाने त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला पुढे ढकललं. रडायचंच असेल तर घरी जाऊन रड म्हणाला, मागे रांग आहे.

वेशीचा दरवाजा कसला, डोंगरच होता तो. कुठल्याशा राजाने कुठलीशी लढाई जिंकली म्हणून बांधलेला. चार माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी केली तरी कमानीला हात लागला नसता. आतल्या अंगाला दगडात कैद्यांची रांग कोरली होती, हात मागे बांधलेले, माना खाली. वरात असली, मिरवणूक असली की दरवाजाच्या दोन्ही फळ्या सताड उघडत. न्हाव्याच्या लेकीची वरातही याच कमानीखालून गेली होती. आता मात्र फळ्यांना अडसर घातला होता आणि उघडत होती ती फक्त दिंडी, उजव्या फळीत कापलेलं कमरेएवढं दार. तिच्यातून यायचं तर त्या राजालासुद्धा वाकावं लागलं असतं. बांधणाऱ्याने ती मुद्दामच तशी ठेवली होती, म्हणजे येणाऱ्याची मान आधी आत यावी.

नदीपलीकडच्यांनी हल्ला केला तेव्हा गावातले अर्धे पुरुष बाहेर, दगडाच्या खाणीत अडकले होते. रोज सांजावताना ते दोघं-चौघं करून परतत, आणि त्यांच्यात मिसळून पलीकडचेही येत. गावातली नावं पलीकडच्यांना पाठ होती. खुणेचा शब्द तर त्यांनी पहिल्याच दिवशी एका पाथरवटाची बोटं एकेक करून तोडून काढून घेतला होता. तोंड बघायला बाहेर कंदील धरावा, तर कंदील धरणाऱ्याच्याच गळ्यात बाण. तेव्हा न्हावीच म्हणाला, तोंडं राहू द्या, मला माना द्या. तीस वर्षं अख्खं गाव त्याच्यापुढे मान खाली घालून बसलं होतं. कुणाचा तीळ कुठे, कुणाचा भोवरा दुहेरी, कुणाला लहानपणी गळू झालं होतं, हे त्याला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

ठरलं ते असं. गावातला असला तर "आपला" म्हणायचं. परका असला तर काही बोलायचं नाही, मागच्याला सुगावा लागता कामा नये. नुसता हात उचलायचा, की खाटकाचा सत्तूर खाली. मग खाटीक धड आत ओढून घेई आणि तोंड दिसायच्या आधी त्यावर पोतं टाकी. बोकडाच्या डोळ्यांत बघायला लागलो तर दुकान बंद करावं लागेल, असं तो हसत हसत सांगे. तीन दिवसांत तिघे झाले होते. कैद्यांच्या रांगेखाली तीन पोती पडली होती, आणि फरशी कितीही धुतली तरी पायाला चिकटत होती.

न्हावी एका मानेची वाट बघत होता. घोड्यांची जीन शिवणारा त्याचा जावई खाणीतच होता. तीन महिन्यांपूर्वी लेक माहेरी आली ती डाव्या कानातून रक्त गळत. त्या कानाने तिला आता काहीच ऐकू येत नव्हतं. त्या वेळी न्हावी कमरेला वस्तरा लावून जावयाच्या दारापर्यंत गेला होता आणि तसाच परत आला होता. ज्या हाताने जन्मभर कुणाला ओरखडा येऊ दिला नाही, तो हात उठलाच नाही. आज दुपारी वाढताना लेकीने विचारलं होतं, "बाबा, ते आले का?" तो मुद्दाम तिच्या डाव्या अंगाला सरकून काहीतरी पुटपुटला होता.

दिंडीवर टकटक झाली. मान आत आली. न्हाव्याने हात ठेवला आणि त्याला भोवरा लागला, दुहेरी. खाली भाजल्याचा जुना वण. लग्नाच्या सकाळी ही मान त्याने स्वतः साफ केली होती, एरवीपेक्षा दुप्पट वेळ लावून. त्याला आनंद झाला. खोटं कशाला बोला, फार आनंद झाला.

त्याने हात उचलला.

सत्तूर वर गेला, पण खाली आला नाही. खाटकाची नजर मानेवर नव्हती, उंबऱ्यावर टेकलेल्या हातांवर होती. कातड्याच्या रंगाने काळी पडलेली नखं, मधोमध चिरलेला अंगठा. याच हातांना त्याने बारा वर्षं कातडी विकली होती.

"आपला," खाटीक म्हणाला.

जावई आत येऊन उभा राहिला. सासऱ्याला बघून त्याने नजर खाली घातली आणि ती बरी आहे ना, एवढंच विचारलं. मग तो पाय ओढत गल्लीत निघून गेला. खाटकाने दिंडी लोटून कडी घातली.

"तुला कळलं नाही?"

"कळलं," न्हावी म्हणाला.

खाटकाने मागे वळून भिंतीजवळच्या पोत्यांकडे पाहिलं.

"आणि हे तिघं?"

"परके होते. लेकीची शपथ."

"तिच्यासाठीच तर आत्ता गप्प बसलास."

तिघांच्याही माना न्हाव्याला अजून हाताखाली लागत होत्या, एकही ओळखीची नव्हती. पण हे आता कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगायचं? पोतं उचलून दाखवलं असतं, पण तेवढ्यात पुन्हा टकटक झाली. बाहेरून खुणेचा शब्द आला, अगदी बरोबर. बाहेरच्यांना ताटकळत ठेवता येत नव्हतं. खाटकाने कडी काढली.

मान आत आली. न्हाव्याने हात ठेवला. केस खाली चौकोनी कापलेले, गावात तसे कुणीच कापत नव्हतं. कातडी कोरडी. खाणीपासून जीव घेऊन पळत आलेल्या माणसाला घामाचा टिपूस नव्हता. न्हाव्याने हात उचलला.

खाटीक त्याच्याकडेच बघत होता.

"परका," न्हावी म्हणाला. तीन दिवसांत हा शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारला.

"नक्की?"

"परका आहे रे. मार."

खाटकाने सत्तूर खाली घेतला आणि तोंड बघायला वाकला. त्याची मान न्हाव्याच्या समोर आली, परवाच साफ केलेली, कानामागे बारीक तीळ असलेली. दिंडीतल्या माणसाचा उजवा हात उंबऱ्यावरून उठला आणि कमरेकडे गेला.