लोरेनची फुंकर

यंत्रावर सतरा आकडा आला आणि लोरेन टास्करला वाटलं, हे यंत्र उचलून आत्ता भिंतीवर आपटावं.

"परत फुंकते," ती म्हणाली.

"तीनदा फुंकलंस, लोरेन." डंकन मऊ आवाजात म्हणाला. औषधाच्या दुकानामागच्या चिंचोळ्या खोलीत बसून हा टकला माणूस निम्म्या ग्रिम्सबी गावाच्या सिगारेटी सोडवायचा. "दहाच्या खाली हवा आकडा. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतो आपण. तो सिगारेटच्या धुरात असतो, व्हेपच्या वाफेत नसतो. एखाददुसरी झाली असेल तर सांगून टाक. मी रागावत नाही. पुष्कळांचं होतं."

"म्हणजे मी खोटारडी!"

"तसं नाही गं. मला एवढंच सांग, घरात—"

पण ऐकायला लोरेन होती कुठे? तिने कोट ओढला, दार आपटलं आणि दुकानातल्या दोन म्हाताऱ्यांना जवळजवळ ढकलून रस्त्यावर आली. अठ्ठावीस दिवस! अठ्ठावीस दिवसांत एक झुरका नाही, आणि हा टकल्या गोड बोलून पापाची कबुली मागतो!

आता खरं सांगायचं तर दोष डंकनचा नव्हता. लोरेन सोळाव्या वर्षापासून ओढत होती, आणि ओढत नाही असं सांगत होती जवळपास तितकीच वर्षं. कपड्यांच्या चिमट्यांच्या पिशवीत पाकीट लपवायचं, तोंडात पेपरमिंट कोंबायचं, वास आलाच तर शेजारणीवर ढकलायचं. मुलगी जेमा लहान असताना त्या पिशवीतूनच पाकीट काढून आईसमोर धरायची. तरीही लोरेन म्हणायची, "अगंबाई, हे इथे कोणी ठेवलं?"

मग जेमाला मुलगी झाली. एल्सी, पाच महिन्यांची. जेमाची रजा संपत आली होती, सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. पोरीला सांभाळायला आजी एका पायावर तयार होती. जेमा म्हणाली, "धुराच्या घरात मी तिला ठेवणार नाही." तेव्हा लोरेननेच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "चार आठवडे! औषधाच्या दुकानातून सिगारेट सुटल्याचा कागद आणून दाखवते. मग शनिवारपासून पोरगी माझी."

सिगारेटऐवजी ओढायचं पुदिन्याच्या वासाचं व्हेप त्या दुकानातूनच फुकट मिळालं. मासे पॅक करण्याच्या कारखान्यात मागच्या अंगणातल्या पत्र्याखाली सिगारेटवाल्या बायका उभ्या असायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय गं, पिपाणी वाजवायला लागलीस?" लोरेनने तेही सोसलं. पण अंगातली तगमग काही जाईना. पहिला आठवडा बरा गेला, पुढे मात्र रोज संध्याकाळी डोकं ठणकायचं, मळमळायचं, उठू की बसू असं व्हायचं. सिगारेट अशीच सूड घेते, सगळ्यांनी सांगितलं होतं. ती दात आवळून बसून राहिली.

बसून राहिली ती मात्र घरात. हे नवीन होतं. एरवी ती परसदारी, दार अर्धं उघडं टाकून ओढायची, आणि समुद्रावरचा वारा थेट बैठकीच्या खोलीत शिरायचा. नवरा क्लिफ तीस वर्षं कुरकुरत होता, की आपण अख्ख्या उत्तर समुद्राला ऊब देतो. त्याने जन्मात सिगारेट ओढली नव्हती. आता बायको संध्याकाळभर गॅसच्या हीटरपाशी बसते, दार बंद, म्हणून गडी हरखून गेला. हीटरजवळच्या भिंतीत हवेची जाळी होती, तिच्यातून गार झुळूक यायची. त्याने जुनी वर्तमानपत्रं कोंबून वर चिकटपट्टी लावली. "हे तुझं बक्षीस," म्हणाला. एल्सीचा पाळणाही त्याने तिथेच, हीटरशेजारी मांडला.

त्या गुरुवारी दुकानातून घरी पोचते न पोचते तोच फोन वाजला.

"किती आला?" जेमाने विचारलं.

लोरेनला सात म्हणता आलं असतं. जीभ तशी तयार होती. "सतरा," ती म्हणाली. "पण जेमा, देवाशपथ सांगते, मी एकही—"

"आई, पुरे."

"अगं, ऐक तरी!"

"लहानपणापासून ऐकतेच आहे. मी पाळणाघर शोधते. शनिवारी आम्ही येत नाही."

फोन बंद झाला. लोरेन खोलीत फेऱ्या मारू लागली. खिडकीपासून पाळण्यापर्यंत, पाळण्यापासून खिडकीपर्यंत. डोक्यात घण पडत होते. खरं बोलून हेच मिळणार असेल, तर कशाला जीव जाळायचा? ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, वीस सिगारेटींचं पाकीट आणलं, परसदार सताड उघडलं आणि शिलगावली.

आणि काय आश्चर्य! पहिली संपून दुसरी संपेपर्यंत डोकं उतरलं. मळमळ गेली. गार वाऱ्यात उभी राहून ती रडायलाच लागली. 'ही सवत जन्मभर सुटायची नाही,' तिला वाटलं. 'हिच्याशिवाय माझं डोकंसुद्धा जागेवर राहत नाही.'

"सापडलीस!" मागून क्लिफ म्हणाला. "म्हणजे यंत्र बरोबरच बोललं."

"आजच्याच आहेत ह्या! अठ्ठावीस दिवसांतल्या पहिल्या!"

"हो ना. जेमाच्या लग्नातही पहिलीच होती."

"क्लिफ टास्कर, तोंड सांभाळ!"

"दार लाव आधी, ऊब चालली सगळी. माझंही डोकं दुखतंय. हा नवा चष्मा काही धड नाही."

लोरेनने उरलेलं पाकीट पाण्याखाली धरलं आणि कचऱ्यात फेकलं. ती संध्याकाळ आणि शुक्रवारची सकाळ दोघं त्याच हीटरपुढे तोंडं फिरवून बसली. दहाच्या सुमाराला ती उठली. "कोट घाल. तू जन्मात ओढली नाहीस ना? मग चल, तू फुंक. ते यंत्रच खोटं आहे, दाखवतेच त्या टकल्याला."

क्लिफ कण्हत, कपाळ चोळत निघाला. बायकोपुढे त्याचं कधी काय चाललंय! डंकनने नवी नळी लावून दिली. क्लिफने श्वास रोखला, पंधरापर्यंत मोजलं आणि फुंकर मारली.

एकोणीस.

"बघा!" लोरेनने टाळी पिटली. "बघा! या माणसाने साधी उदबत्ती ओढलेली नाही, आणि एकोणीस! मोडकं आहे तुमचं यंत्र! आत्ता फोन लाव माझ्या मुलीला, तुझ्या तोंडाने सांग!"

डंकनने यंत्र हातात घेतलं. त्याने नळी बदलली आणि स्वतः फुंकलं. एक. मग त्याने खुर्ची पुढे ओढली. त्याचा चेहरा उतरला होता.

"घरात गॅसचं काय काय आहे? काल हेच विचारत होतो, तू दार आपटलंस."

"हीटर," लोरेन म्हणाली. "का?"

"हवा यायला जागा आहे त्या खोलीत? हवा कोंडली की गॅस अर्धवट जळतो आणि हाच कार्बन मोनॉक्साइड सोडतो, विषारी असतो तो."

क्लिफ भिंतीला टेकला. "जाळी होती. मी बुजवली. गार वारा यायचा म्हणून." तो लोरेनकडे बघत राहिला. "लोरेन, पाळणा."

लोरेनने एकेक जुळवून पाहिलं. संध्याकाळची डोकेदुखी, ती मळमळ, आणि परसदारी वाऱ्यात उभं राहिल्यावर उतरलेलं डोकं. सिगारेटने काही केलं नव्हतं, दार उघडं होतं म्हणून ती बरी झाली होती. आणि यंत्र खोटं बोललं असतं, सात दाखवलं असतं, तर उद्या पोरगी त्या हीटरशेजारी झोपली असती. दार लावून, उबेत.

डंकनने तिथूनच गॅसवाल्यांना फोन लावला आणि दोघांना रक्त तपासायला इस्पितळात धाडलं. दुपारी गॅसवाल्यांचा माणूस घरी आला, जाळीतले कागद उपसले, हीटरचा नळ बंद करून धोक्याची लाल पट्टी लावली. "नशीबवान आहात, बाई," म्हणाला. घर बर्फासारखं गार पडलं.

शनिवारी जेमा आली. सगळ्या खिडक्या उघड्या, आई-बाप कोट घालून बसलेले. क्लिफने फोनवर हीटरचं सगळं सांगितलं होतं. एल्सीला छातीशी धरून जेमा दारातच उभी राहिली आणि तिचा बांध फुटला.

"आई, तू खरं बोलत होतीस. मी त्या यंत्रावर विश्वास ठेवला, तुझ्यावर नाही."

लोरेन जिंकली होती. चाळीस वर्षांत असा विजय तिला मिळाला नव्हता. गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? क्लिफ तर जाळी बुजवल्याच्या शरमेने तोंड उघडणार नव्हता.

"थांब, जेमा," ती म्हणाली. "अठ्ठावीस दिवस एकही नाही, हे खरंच आहे. पण गुरुवारी तुझा फोन झाल्यावर दोन ओढल्या. परसदारी. पाकीट विकत आणून."

"अगं, आता कशाला ते!" क्लिफ पुटपुटला.

"दोन," लोरेन परत म्हणाली. "अजून तल्लफ येते. व्हेप नसतं तर वीस ओढल्या असत्या. ते आहे म्हणून दोन. पुढचं मला माहीत नाही. पुढच्या गुरुवारी परत फुंकून कागद आणते."

जेमा आईकडे बघतच राहिली. या बाईच्या हातात जळती सिगारेट असतानाही तिने कधी कबूल केलं नव्हतं. जेमाने बाहीने नाक पुसलं, पुढे आली आणि एल्सीला तिच्या मांडीवर ठेवलं.

"कागद नको मला," ती म्हणाली. "आणि ती पिपाणी आधी खिशातून काढून वर ठेव. पोरीला टोचेल."