डब्यातल्या माशांचं पाणी

“आपा, कोट उघडा,” कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी तोलिबाय म्हणाला.

“का रे? कोटाखाली नवरा लपवलाय का मी?” पालझादाआपा म्हणाली, तशा दुपारच्या सुट्टीला निघालेल्या रांगेतल्या आम्ही सगळ्या हसलो.

तोलिबायही हसला असता, पण आज त्याच्या मागे मॅनेजर उभा होता. एरवी तोलिबायच्या हातावर एक मासा टेकवला की बाकीचे कोटाखालून बिनबोभाट बाहेर जायचे. आमचं सगळं मुयनाक गाव असंच जेवायचं, आणि मॅनेजरलाही ते ठाऊक होतं.

तसे ते मासेही आमचे नव्हतेच. वरच्या अंगाला नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं, खाली थेंब येईना, आणि आमचा समुद्र गाव सोडून मागे मागे सरकत गेला. आता त्याच्या तळावर वारा सुटला की पांढरी खारट धूळ आमच्या भाकरीत येते. पण कारखाना बंद पडला तर राजधानीत कुणाचं तरी नाक कापलं जाणार! म्हणून कुठल्याशा महासागरातले गोठलेले मासे आगगाडीने आणायचे आणि आमच्याकडून साफ करून डब्यात भरून घ्यायचे. डब्यावर चित्र मात्र लाटांचं आणि होडीचं. हे ज्याला सुचलं तो मला एकदा भेटायला हवा.

आपाने कोट उघडला. पोटाला फडक्याने बांधलेली रबरी पिशवी होती, शेकायला वापरतात तसली.

“दारू?” मॅनेजरने विचारलं.

“पाणी.”

“आपा, पाणी?” तोलिबायला राहवलं नाही. “मासा सोडून पाणी चोरताय?”

मॅनेजरला मात्र लगेच कळलं कुठलं ते. कारखान्याच्या मागे कुलपातली एक टाकी होती. आमच्या पाण्यामुळे डबे खारट होतात अशी गिऱ्हाइकांची तक्रार आली, तेव्हापासून लांबून टँकरने गोडं पाणी यायचं. ते फक्त माशांच्या रश्शासाठी. आम्ही चहा करायचो तो गावातल्या पाण्याचा, ज्यात दूध घातलं की फाटतं. रश्शाचं पातेलं आपाच्या हाताखाली असायचं. त्यातूनच ती रोज दुपारच्या सुट्टीत पिशवी भरून घरी जायची. आम्हा पाचसहाजणींना ते माहीत होतं, आणि आमच्यातल्या एकीच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता.

“कशाला हवं होतं?” मॅनेजरने विचारलं. माणूस तसा सभ्य, आवाज चढवत नसे. मला त्याचाच जास्त राग येई.

“नातीला. चाळीस दिवसांचीही नाही झाली अजून. डॉक्टरीणबाईंनी सुनेला सांगितलं, तुझं दूध पाजू नकोस, कापसावर मारतात ते औषध तुझ्या दुधात उतरलंय. पावडरचा डबा दिला. मी विचारलं, कालवू कशात? म्हणाल्या, पाणी उकळून घ्या. आता तुम्हीच सांगा साहेब, उकळल्याने मीठ जातं का? दोन दिवस दिलं त्या पाण्यातून. पोर ओकून ओकून निळी पडली.”

“वाईट वाटतं ऐकून. पण उद्या प्रत्येकीने पाणी नेलं तर डबे कशाने भरायचे?”

“मेलेल्या माशाला गोडं पाणी लागतं, साहेब. माझी पोर जिती आहे.”

रांगेत कुणी हसलं नाही. मॅनेजरची मान लाल झाली. तो म्हणाला, “ओता ते.”

“टाकीत ओतते,” आपा म्हणाली.

“टाकीत कसं? अंगाला लागलेलं आहे. इथेच ओता.”

आपा हलेना. तेव्हा त्याने तोलिबायला खूण केली. तोलिबायने पिशवी घेतली, बूच काढलं आणि मान दुसरीकडे वळवून ती उलटी धरली. आमची जमीन मिठाने फुगलेली. पाणी पडलं तिथे जरासा काळा डाग उमटला आणि वाळून गेला. टाकीत परत गेलं असतं तर निदान माशांना तरी लागलं असतं! नुसती जिरवायची होती त्यांना आमची. माझ्या हातात त्या वेळी सुरी नव्हती हे बरं झालं.

चोरी करणाऱ्याला सुट्टी नाही, असं म्हणून त्याने आपाला पातेल्यावरून काढून मासे चिरायच्या कामावर पाठवलं. संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत ती मासे चिरत राहिली. डोकी अशी तोडत होती की समोर उभं राहायची भीती वाटावी.

सुटल्यावर मी तिच्याबरोबर निघाले. वारा सुटला होता, दोघींनी रुमाल नाकावर ओढले.

“रिकाम्या हाताने काय तोंड दाखवू सर्बिनाजला?” ती म्हणाली. सर्बिनाज तिची सून. मुलगा लांबच्या तळ्यावर मासे धरायला गेलेला, घरात दोघीच. “दुपारपासून पोर उपाशी असेल गं.”

“तिने उकळून दिलं असेल थोडं.”

“नाही देणार. ओकताना पाहिलंय तिने.”

दार ढकललं तर आत आवाज नव्हता. पाळणा रिकामा. आपाने माझा दंड घट्ट धरला. मग दिसलं, कोपऱ्यात सर्बिनाज भिंतीकडे तोंड करून बसली होती. पोर तिच्या छातीशी होती. चुटुचुटु पिण्याचा आवाज येत होता.

“आई, तुम्ही आला नाहीत,” ती मागे न बघता म्हणाली. “आधी रडत होती. मग रडायचीच थांबली. मी हाका मारल्या तरी डोळे उघडेना. मग घेतलं.”

तिच्या पाठीवर हात ठेवावा असं मला वाटलं, पण ती मार चुकवायला वाकावं तशी वाकून बसली होती. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिलाही पाठ होतं, आपालाही आणि मलाही. त्या पोरीच्या पोटात काय जातंय हे आम्हा तिघींना कळत होतं.

आपाने दार लावलं. फटीतून धूळ येत होती, तिथे तिने डोक्यावरचा रुमाल काढून कोंबला आणि दाराला पाठ लावून खाली बसली. भर उजेडात तिचं उघडं डोकं मी पहिल्यांदाच पाहत होते. सगळं पांढरं झालं होतं.

पिण्याचा आवाज मंदावला तशी तिने मान वर केली.

“आता दुसऱ्या बाजूला घे तिला,” ती म्हणाली. “पोट भरू दे.”