बाभळीवरची किटली

मी एक जुनी किटली आहे, आणि मला चोच नाही. चोच नसलेल्या किटलीतून चहा ओतला की कपात कमी आणि जमिनीवर जास्त पडतो. म्हणून आता मला कुणी चुलीवर ठेवत नाही. मित्रांनो, मी अशी जन्मले नव्हते.

कैरोच्या एका अरुंद गल्लीत पत्रा ठोकून मला घडवलं आणि वर निळा मुलामा चढवला. माझी चोच बसवणारा कारागीर म्हातारा होता. चोचीचा सांधा जोडता जोडता तो पुटपुटला, "नीट ओत गं बाई. कुणाचा हात पोळू देऊ नकोस." तेच माझं पहिलं व्रत. पुढे कितीतरी वर्षं मी ते रोज पाळलं.

सिनाईच्या समुद्रकाठी नुवेबा नावाचं गाव आहे. तिथल्या अवदाने टोपलीभर सुकी मासळी देऊन मला घेतलं. अवदा डोंगरातला वाटाड्या. गावामागे लाल-काळे उघडे डोंगर उभे आहेत. उन्हाळ्यात ते तव्यासारखे तापतात, तेव्हा तिकडे कुणी फिरकत नाही. हिवाळा लागला की शहरातली माणसं पाठीवर पिशव्या घेऊन चढायला येतात. त्यांच्यापुढे अवदा चाले आणि अवदाच्या उंटावर मी डुलत जाई. पहाटे माझ्यातल्या कोमट पाण्याने तो नमाजाआधी हातपाय धुई. मग 'बिस्मिल्ला' म्हणून मला निखाऱ्यांवर ठेवी. थंडीने काकडलेली माणसं कप दोन्ही हातांत धरून म्हणत, "असा चहा कुठे प्यायलो नाही!" माझा निळा रंग काजळीखाली कधीच गेला होता, पण मला त्याचं वाईट वाटत नसे. ती काजळी माझ्या कामाची होती.

अवदाची दोन मुलं, फरहान आणि त्याच्या पाठची सब्हा. बापाचे गुडघे दुखू लागले तसे दोघंही वाटाडे झाले. चुलीपाशी त्यांची रोजची भांडणं ठरलेली.

"तू चहात साखर नाही घालत, साखरेत चहा घालतोस," सब्हा म्हणे.

"तुझा चहा पिऊन उंटसुद्धा तोंड वाकडं करतो, ते बघ आधी!"

"उंट तुझ्यावर गेलाय. त्याला काय कळतं!"

अवदा हसून दाढी कुरवाळी आणि म्हणे, "भांडा, भांडा. चहा मात्र ओता."

डोंगरात शिरताना एक म्हातारी बाभूळ लागते. तिथे वाट फुटते. डावी घळ खिंडीखालच्या पाण्याच्या कुंडाकडे जाते आणि उजवी घळ समुद्र दिसतो त्या कड्याकडे. या लोकांचा एक नेम आहे. झाडावर ठेवलेली वस्तू कुणी उचलून नेत नाही. पीठ, दोर, गोधडी, काहीही महिनोन्महिने तसंच राहतं. तहानलेल्याने लागेल तेवढं घ्यावं आणि वस्तू होती तशी ठेवावी. अवदाच्या घरात त्यावर आणखी एक खूण होती. पुढे गेलेल्याने मला बाभळीच्या बेचक्यात बसवायचं आणि ज्या घळीत तो शिरला तिकडे माझी चोच करायची. मागून येणारा चोच बघून चालू लागे. इतक्या वर्षांत मी एकदाही चुकीची वाट दाखवली नव्हती.

त्या हिवाळ्यात एक मोठी तुकडी यायची होती. कुंडात पाणी आहे का, ते बघायला फरहान एकटा पुढे निघाला. निघताना सब्हाला म्हणाला, "उद्या दुपारी बाबांना आणि उंटाला घेऊन बाभळीशी ये. मी तिथेच असेन. नसलो तर चोच बघ."

"आणि तू चोच फिरवायलाच विसरलास तर?"

"मी तुझा भाऊ आहे, उंट नाही!"

बाभळीशी त्याने माझ्यात चहा करून प्यायला, मला बेचक्यात बसवलं आणि चोच डावीकडे केली. दोनदा हलवून पाहिली. मग तो डाव्या घळीत दिसेनासा झाला.

दुपारी शहरातले तिघे आले. भली माणसं होती. त्यांनी मला उतरवलं, चहा केला आणि देवाचे आभार मानले. त्यांच्यात इल्हाम नावाची एक शिक्षिका होती. ती म्हणाली, "बिचारी किती काळी झालीय!" आणि वाळूने मला घासायला बसली. तिची बोटं लाल झाली तरी थांबेना. कितीतरी वर्षांनी माझा निळा रंग उजेडात आला. मला आनंद झाला, मित्रांनो. खोटं कशाला सांगू? मग तिने मला पुन्हा बेचक्यात ठेवलं. शेजारी साखरेची पुडी ठेवली. फोटोत ऊन चोचीवर पडावं म्हणून मला थोडं फिरवलं.

माझी चोच उजवीकडे झाली.

ते निघून गेले. मी तशीच बसून राहिले. रात्री डोंगरावर पाऊस झाला आणि वाळूतली सगळी पावलं पुसली गेली.

दुसऱ्या दिवशी अवदा आणि सब्हा आले. फरहान नव्हता. तिसऱ्या प्रहराच्या नमाजापर्यंत त्यांनी वाट पाहिली. सब्हा माझ्याजवळ आली आणि थबकली.

"बाबा, किटली घासलेली दिसतेय."

"पावसाने धुतली असेल."

"पावसाने काजळी जाते होय? मी जरा डावीकडे जाऊन बघू?"

अवदा चिडला. "चोच उजवीकडे आहे ना? झाडावरची वस्तू कोण हलवणार आहे? भावाच्या शब्दावर विश्वास नाही तुझा?"

सब्हाने उंटाची दोरी धरली. दोघं उजव्या घळीत शिरले. मला हात नव्हते, आवाज नव्हता. ती एक रात्र, मग दुसरी, कड्यांवरून त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. "फरहाऽन!" प्रत्येक हाक चुकीच्या डोंगरावर आपटून परत येत होती.

तिसऱ्या दिवशी ते परतले आणि मला घेऊन डावीकडे गेले. कुंडाच्या वर दरड निसटून फरहानचा पाय मोडला होता. तो सरपटत खडकाच्या आडोशाला आला होता. अंगाखालच्या गोधडीच्या चिंध्या जाळून त्याने शेकोटी धरून ठेवली होती. सब्हाने राखेत हात घातला. राख अजून कोमट होती. फरहान थंड होता.

फरहान गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी इल्हाम नुवेबाला आमच्या घरी भेटायला आली. तिला गावात बातमी कळली होती. मी चुलीवर होते. मला पाहून ती रडता रडता म्हणाली, "अगं, ही तर तीच किटली! त्या दिवशी आम्ही हिच्यातच चहा केला. मीच घासली हिला. फोटोसाठी जरा फिरवली, पण तुमच्या रिवाजाप्रमाणे झाडावरच ठेवली हं परत."

सब्हाचा हात माझ्या कडीवर तसाच राहिला. तिच्या ओठांवर काहीतरी आलं. अवदाने तिच्याकडे पाहिलं.

"पोरी, पाहुणीला चहा दे."

"बाबा..."

"ती पाहुणी आहे. हे तिच्या गळ्यात बांधू नकोस. बांधायचंच असेल तर माझ्या गळ्यात बांध. तू डावीकडे म्हणाली होतीस."

सब्हाने चहा ओतला. एक थेंबही सांडला नाही. इल्हाम तिला मिठी मारून गेली.

संध्याकाळी सब्हा मला घेऊन बाभळीशी आली. तिने दगड उचलला. दोन घावांत माझी चोच तुटली. ती रागावलेली नव्हती. हलक्या आवाजात म्हणाली, "आता कुणालाच वाट दाखवू नकोस." आणि मला बेचक्यात ठेवून ती उतरून गेली.

त्यानंतर ती डोंगरात कुणाला घेऊन आली नाही. अवदा तर अंगणाबाहेरही पडत नाही. दर हिवाळ्यात, फरहान सापडला त्या दिवशी सब्हा रोजा धरते, सूर्य बुडताना एकटी इथे येते, एक खजूर आणि पाण्याचा घोट घेते. माझ्याकडे बघत नाही. मी मात्र अजून डाव्या घळीकडे बघत असते. तिकडून कुणी येत नाही.

मित्रांनो, कुणी मागे ठेवलेली वस्तू हातात घ्याल, तेव्हा ती कशी ठेवली होती ते आधी नीट बघा. वापरा, पण तशीच ठेवा. ती तशी का ठेवली, हे तुम्हाला ठाऊक नसतं. एवढंच मागणं आहे.

आणि इल्हाम कुठे भेटली, तर तिला यातलं काही सांगू नका. ती फार मायेने घासत होती.